पहिल्या लॉटचं यंत्र

घाटकोपर, मुंबई
६ डिसेंबर १९९६

ती. आप्पांस,
मिलिंदचा सप्रेम जयभीम.

दिवाळीच्या सुट्टीत आलो होतो तेव्हा तुमच्या कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला होता, आठवतंय ना? आई म्हणाली होती, "कानात काय कणीक भरतोयस व्हय रं?" त्या कणकेचं ऐकायचं यंत्र झालं. आज आपल्या गल्लीतली मंडळी अभिवादनाला दादरला आली आहेत, त्यांच्याबरोबर पाठवतो आहे. डबीत यंत्र, सहा सेल आणि एक इंग्रजी पुस्तिका आहे. पुस्तिकेकडे बघू नका, सगळं इथं लिहितो.

यंत्र शेंगदाण्याएवढं आहे. थेट कानाच्या आत बसतं. वायर नाही, खिशात डबी नाही, बाहेरून कुणाला कळणारसुद्धा नाही. आमच्या दुकानात परदेशातून हा पहिलाच लॉट आला. अख्ख्या मुंबईत दहा जणांना मिळालं, त्यातले तुम्ही एक. आमचे मालक म्हणाले, जरा थांब, कंपनी नवीन आहे, वर्षभर लोकांच्या कानात टिकू दे, मग वडिलांना दे. मी म्हणालो, सगळेच थांबले तर पहिला कोण घेणार? आणि आप्पा, साखर कारखान्याच्या मिलमध्ये सव्वीस वर्षं कान फोडून घेतले ते तुम्ही. त्यातून मी शिकलो. मग तुम्ही थांबायचं का?

सेल संपला की छोटं दार उघडून दुसरा घाला. अंघोळीला काढून ठेवा. बाकी काही करायचं नाही. आणि ते छातीवरचं जुनं डबडं आता घरात ठेवू नका. पुन्हा कुणी ते रेडिओ समजून तुम्हाला मॅचचा स्कोर विचारायला नको.

नीलिमाला कळवतो आहेच. तिच्या स्थळाचं काय झालं?

तुमचा,
मिलिंद


इस्लामपूर
२२ डिसेंबर १९९६

चि. मिलिंद यास धनाजीकडून आशीर्वाद.

यंत्र पोचलं. कानात घातलं आणि पहिल्यांदा काय ऐकलं सांगू? तुझी आई चुलीपुढं पुटपुटत होती. तीस वर्षं ती माझ्याबद्दल काय पुटपुटते ते आता कळलं. ऐकू येत नव्हतं तेच बरं होतं.

थट्टा राहू दे. बाबा, कष्टांचं चीज केलंस. परवा विहारात बसलो होतो, मागच्या रांगेतला खोकलासुद्धा ऐकू आला. लोक नेहमीसारखे माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडायला लागले, तर मी म्हणालो, "हळू बोला, मी बहिरा न्हाई." सगळे बघत राहिले. कानात बोट घालून यंत्र काढून दाखवलं तेव्हा कुठं विश्वास बसला. माझ्या पोरानं मुंबईत पहिल्या दहात घेतलंय, हेही सांगून टाकलं. बढाई मारायची नाही म्हणतो, पण कधी नव्हे ती संधी आली होती.

ते जुनं डबडं गुंडाला देऊन टाकलं. माझ्याबरोबर मिलला होता तो, त्याचेही कान गेलेत. शर्टाच्या खिशात डबी आणि कानात वायर घालून हिंडतो, आणि स्टँडवर पोरं त्याला विचारतात, "आवं गुंडानाना, स्कोर किती झाला?" तो बिचारा हसतो. मला कधी हसता आलं नाही.

यंत्र जेवताना जरा शिट्टी मारतं, कुकर लावल्यागत. पण सवय होईल. तू पाठवलेल्या सेलांवर रंगीत कागद चिकटवलेले होते, ते मी पहिल्याच दिवशी सगळे सोलून काढले, धोतराच्या सोग्यानं पुसले आणि सुपारीच्या डबीत ठेवले. ऐनवेळी धावपळ नको. मिलमध्ये आमचा फोरमन सांगायचा, पाना नेहमी हाताशी पाहिजे.

नीलिमाचं स्थळ सांगलीचं आहे. मुलाचं नाव कपिल, सरकारी कचेरीत आहे. वडील नाहीत, मामा बघतात सगळं. जानेवारीत कळवतील.

धनाजी


दहिवडी, ता. माण
२४ जानेवारी १९९७

दादा,

तुझ्या यंत्राची कीर्ती इस्लामपूरच्या स्टँडपर्यंत गेली आहे. संक्रांतीला घरी गेले होते तर रिक्षावाल्यानं मला विचारलं, तुमच्या वडलांच्या कानात म्हणे बिनतारी बसवलंय?

पण दादा, मी दोन दिवस घरी होते आणि मला त्या यंत्राचं लक्षण काही ठीक दिसलं नाही. सेल घातला की दोन-तीन दिवस बरं चालतं, मग मरतं. सहातले चार संपले. उरलेले दोन घातले तर आवाज येतो पण विहिरीतून आल्यासारखा. आप्पा कबूल करत नाहीत. आई म्हणाली, "भाकरी वाढू का?" तर म्हणाले, "व्हय, सकाळीच गेला." आई हसली, मीही हसले, आणि आप्पाही आमच्याबरोबर हसले. मला नंतर फार वाईट वाटलं. पूर्वी डबी होती तेव्हा ते नीट विचारायचे, "काय म्हणलीस, पुन्यांदा सांग." लोकही वायर बघून मोठ्यानं बोलायचे. आता वायर दिसत नाही म्हणून लोक हळू बोलतात, आणि यंत्र आहे म्हणून आप्पा विचारत नाहीत.

इस्लामपुरात तसले सेल मिळत नाहीत. सांगलीला घड्याळवाल्याकडं विचारलं, त्यानं मनगटी घड्याळाचा दिला, तो बसेचना. जुन्या डबीला वाण्याच्या दुकानातला पेन्सिल सेल चालायचा. तू लगेच पाठव. कारण ९ फेब्रुवारीला रविवारी सांगलीची मंडळी बैठकीला येणार आहेत, आणि आपल्याकडून बोलणारे एकटे आप्पा. तू आलास तर सोन्याहून पिवळं.

मुलगा मी पाहिला. बरा आहे, कमी बोलतो. मी त्याला एवढंच सांगितलं की मी माझी शाळा सोडणार नाही. सातारा जिल्हा परिषदेतून सांगलीला बदली मागेन, मिळायला दोन-चार वर्षं लागतील. तो म्हणाला, मामांना विचारावं लागेल.

इथं शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. अर्धी पोरं मेंढरांमागं कोकणात उतरली आहेत, ती पावसाळ्यात परत येतील. आली की पाढ्यांपासून पुन्हा सुरुवात. मला त्याचा कंटाळा येत नाही हे माझं मलाच नवल वाटतं.

सेल विसरू नकोस.

नीलिमा


घाटकोपर
४ फेब्रुवारी १९९७

प्रिय नीलिमा,

पत्र मिळालं. सेल त्या लॉटचेच खराब निघाले असतील. नव्या कंपनीचं असं थोडंफार होणारच. पहिल्या गाडीच्या खिडक्या नीट लागत नाहीत म्हणून कुणी गाडी सोडत नाही. नवीन माल या महिन्याच्या शेवटी येतो आहे, आला की सगळ्यात आधी आप्पांना.

बैठकीला यायला जमणार नाही. त्याच आठवड्यात वांद्र्याला मोठं प्रदर्शन आहे, आमच्या दुकानाचा गाळा आहे आणि तो माझ्यावर आहे. तुला सांगतो, कंपनीचं पुढचं मॉडेल बघून आलो. हातात धरायचा रिमोट आहे त्याला, टीव्हीसारखा. आवाज खिशातूनच कमी-जास्त. आप्पांना तेच घ्यायला हवं होतं असं आता वाटतं.

तू काळजी करू नकोस. आप्पा मिलच्या आवाजात फोरमनच्या ओठांवरून हुकूम ओळखायचे. बैठकीत काय अडतंय त्यांचं?

दादा


इस्लामपूर
१३ फेब्रुवारी १९९७

चि. मिलिंद यास आशीर्वाद.

रविवारची बैठक पार पडली. सांगलीहून अकरा माणसं आली होती. त्रिसरण-पंचशील झालं, पोहे झाले, चहा झाला. मुलाचे मामा लालासाहेब म्हणून आहेत, भारदस्त माणूस. त्यांना यंत्र काढून दाखवलं. ते म्हणाले, "आयला, एवढंसं हाय? आन् ह्यात समदं ऐकू येतंय?" मी म्हणालो, "मुंगी चालली तरी ऐकतो." सगळे हसले. तुझं नाव निघालं.

बोलणी झाली. देणंघेणं काही नाही, साधं लग्न. साखर वाटली. तारीख ४ मे, रविवार धरली आहे.

सेलाची घाई करू नकोस. तुझं काम सांभाळ.

धनाजी


दहिवडी
१० मार्च १९९७

दादा,

आज राजीनाम्याचा अर्ज हेडमास्तरांकडं दिला. त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचला आणि विचारलं, "बाई, हे घरच्यांना माहीत आहे ना?" मी म्हटलं, घरच्यांनीच ठरवलं आहे.

तुला आप्पांनी कळवलं नसेल असं वाटलं म्हणून लिहिते. बैठकीत लालासाहेबमामांनी अट घातली. कपिलच्या आईला अर्धांगवायू झाला आहे, घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून मुलीनं लग्नाआधी नोकरी सोडायची. आप्पांनी चार माणसांत हो म्हटलं. त्यानंतर साखर वाटली.

तू रागावू नकोस आणि पत्र पाठवून काही उलटसुलट करू नकोस. झालं ते झालं.

नीलिमा


घाटकोपर
१८ मार्च १९९७

ती. आप्पांस,

नीलिमाचं पत्र आलं. मला आधी खरंच वाटेना.

आप्पा, हे तुम्ही केलंत? डी.एड.ला नंबर लागला तेव्हा रजा टाकून तिच्याबरोबर साताऱ्याला गेलात, तीन दिवस बोर्डिंगच्या व्हरांड्यात झोपलात. नेमणुकीचा कागद आला तो विहारात बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवलात. आपल्या सात पिढ्यांत पहिली नोकरी करणारी बाई म्हणून गल्लीभर सांगत फिरलात. आणि एका लालासाहेबानं तोंड उघडलं तर ती नोकरी ताटात घालून दिलीत? तिला विचारलंत तरी का?

अजून लग्नाला दीड महिना आहे. राजीनामा परत घेता येतो. सांगलीला जाऊन बोला. तुमच्याच्यानं होत नसेल तर मी येऊन बोलतो.

मिलिंद


पोस्टकार्ड
इस्लामपूर, २५ मार्च १९९७

चि. मिलिंद, शब्द दिला आहे. तो मोडायचा नाही. तू सांगलीला जायचं नाहीस. लग्नाला चार दिवस आधी ये. — धनाजी


घाटकोपर
२ ऑगस्ट १९९७

ती. आप्पांस,
सप्रेम जयभीम.

लग्नानंतर तुमचं एकही पत्र नाही. आईला बरं आहे ना? लग्नात मी तुमच्याशी नीट बोललो नाही, ते मनाला लागून राहिलं आहे. माझा राग तुम्हाला माहीत आहे, भपकन पेटतो.

लग्नात तुमच्या कानात यंत्र दिसलं नाही. मला वाटलं गर्दीत पडेल म्हणून काढून ठेवलं असेल. आता कळवायचं कारण म्हणजे ती कंपनी बंद पडली. दहातले सात लोक दुकानात भांडायला आले. पण वाईट वाटून घेऊ नका. दुसऱ्या मोठ्या कंपनीचं रिमोटवालं यंत्र आलं आहे, तुमच्या कानाचा साचा माझ्याकडं आहेच. कळवा, लगेच ऑर्डर टाकतो. या वेळी पहिल्या लॉटमधलं नाही, दुसऱ्यातलं.

मिलिंद


इस्लामपूर
१५ ऑगस्ट १९९७

चि. मिलिंद यास आशीर्वाद.

यंत्र पाठवू नकोस. का नको ते सांगायला हे पत्र आहे. सहा महिने ज्या गोष्टीनं आतून पोखरलं ती लिहून टाकतो, म्हणजे निदान एकाला तरी ठाऊक होईल.

बैठकीच्या दिवशी मला काहीही ऐकू येत नव्हतं.

सगळे सेल जानेवारीतच मेले होते. तुझी आई म्हणाली होती, "गुंडाकडनं डबी मागून आना, एका दिसाचा तर परश्न हाय." मी म्हणालो, दिलेली वस्तू परत मागायची नसते. खरं कारण ते नव्हतं. गावभर सांगून बसलो होतो ना, मुंबईत पहिल्या दहात म्हणून. आता पाव्हण्यांसमोर छातीवर वायर लोंबकळत बसायचं? म्हणून मेलेलं यंत्रच कानात घालून बसलो. आणि एक गोष्ट तुला सांगतो, तुझ्या पुस्तिकेत असली तर बघ. मेलेलं यंत्र कानात म्हणजे बूच. तसं मला मोकळ्या कानानं थोडंफार तरी येतं. त्या दिवशी तेवढंही बंद झालं.

लालासाहेबांना जाड मिशा, त्यात तोंडात पान. ओठ दिसेनात. माझ्याकडं बघून काही तरी म्हणाले. मी मान डोलावली. पुन्हा म्हणाले, जरा पुढं वाकून. मला वाटलं, तारखेचं विचारतायत. म्हणालो, "व्हय, व्हय. कबूल." लगेच त्यांच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं आणि साखरेचं ताट पुढं आलं. आपल्याकडची दोन माणसं माझ्याकडं बघत होती, मला वाटलं, कौतुकानं बघतायत.

संध्याकाळी पाव्हणे गेल्यावर तुझ्या आईनं कानाशी तोंड आणून सांगितलं मी काय कबूल केलं ते.

मी मंगळवारी सांगलीला जायला चप्पल घातली. बुधवारी घातली. स्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो. काय सांगणार होतो लालासाहेबांना? की मला ऐकू आलं नाही? मग तो माणूस म्हणाला असता, मुंगी चालली तरी ऐकतो म्हणालात ते काय होतं? आणि नीलिमा काही बोलत नव्हती. मनाला समजावलं, पोरीलाही मुलगा पसंत असेल, तिचंही मन असेल. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो बघ.

तू मार्चमध्ये मला शिव्या दिल्यास. त्या पोस्टकार्डावर खरं लिहिलं असतं तर अजून वेळ होता. पण लिहिलं असतं तर तुझ्या यंत्राचा बोभाटा झाला असता आणि माझाही. मी आपल्या दोघांची अब्रू वाचवली. पोरीची नोकरी त्यात गेली.

धनाजी


घाटकोपर
२४ ऑगस्ट १९९७

आप्पा,

तुमचं पत्र वाचून मी कपाटातून ती इंग्रजी पुस्तिका काढली. दुकानात एक प्रत राहिली होती. नवव्या पानावर लिहिलं आहे: सेलाच्या मागं जो रंगीत कागद असतो तो काढला की आत हवा शिरते आणि सेल सुरू होतो. मग तो वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. म्हणून एका वेळी एकाच सेलाचा कागद काढावा.

तुम्ही सहाही सेल पहिल्याच दिवशी सोलले होते. तसं डिसेंबरच्या पत्रात स्पष्ट लिहिलंही होतं. ते वाचून मी हसलो होतो, आप्पांची टापटीप म्हणून. मला ते पान माहीत नव्हतं, कारण मी पुस्तिका वाचलीच नव्हती. तुम्हाला मात्र लिहिलं, पुस्तिकेकडे बघू नका, सगळं इथं लिहितो.

आणखी एक आहे. नीलिमानं सेल मागितले तेव्हा दुकानात चार सेल होते. नवीन माल येणार वगैरे मी लिहिलं ते खरं, पण ते चार ड्रॉवरमध्ये होते. प्रदर्शनात यंत्र चालू दाखवायला लागणार म्हणून मी ते ठेवून घेतले. रात्रीच्या गाडीनं कुणाबरोबरही पाठवता आले असते. प्रदर्शनात लोकांनी यंत्र कानाला लावून बघितलं आणि फार छान म्हणाले.

आता कोण किती दोषी ते बघून काही उपयोग नाही. पण आप्पा, नीलिमाला हे सांगा. तिला वाटतं आहे की तुम्ही ऐकून, समजून तिची नोकरी दिलीत. निदान तेवढा काटा तरी काढा. मी सांगू शकतो, पण ते तुम्हीच सांगायला हवं.

मिलिंद


इस्लामपूर
१ सप्टेंबर १९९७

चि. सौ. नीलिमा हिस आशीर्वाद.

पोरी, तुला मी पत्रं फार कमी लिहिली. भेटलो की बोलणं व्हायचं. आता भेटतेस तेव्हा तू आईशी बोलतेस आणि मी गोठ्याकडं जातो.

बैठकीत मी जे कबूल केलं ते मला ऐकू आलं नव्हतं. यंत्र बंद होतं. लालासाहेब काय विचारतात ते न कळता मी हो म्हणालो. ऐकलं असतं तर मी उठून उभा राहिलो असतो आणि पाव्हण्यांना वाटेला लावलं असतं, हे तुला सांगायची गरज नाही असं वाटायचं, पण आता सांगतो.

नंतर कळल्यावरही मी बोललो नाही. त्याला माफी नाही, मागतही नाही. फक्त एवढंच तुला माहीत असावं की तुझ्या बापानं जाणूनबुजून तुझी शाळा काढून घेतली नाही. तुला तसं वाटत असेल तर ते मनातून काढ.

सासूबाईंची तब्येत कशी आहे?

आप्पा


सांगली
७ सप्टेंबर १९९७

आप्पा,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं, पाच तारखेला. गेल्या वर्षी त्या दिवशी पोरांनी मला खुर्चीवर बसवून स्वतः शाळा चालवली होती. एका मुलीनं माझी नक्कल करून मलाच ओरडून घेतलं होतं. या वर्षी मी सासूबाईंचे पाय चोळत होते तेव्हा पोस्टमन आला.

तुम्ही लिहिलं ते मला नवीन नव्हतं.

मी आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मामा पहिल्यांदा म्हणाले, "पोरीला नोकरी सोडावी लागंल बरं का आप्पा, आमची भन अंथरुणाला खिळलीय." तुम्ही मान डोलावलीत. मी तुमचा चेहरा बघितला. लहानपणी मी शाळेतून येऊन घडाघडा कविता म्हणायचे, तेव्हा डबीचा सेल संपलेला असला की तुम्ही अगदी अशीच मान डोलवायचात, आणि मी थांबले तरी डोलवत राहायचात. त्याच क्षणी मला कळलं की तुम्हाला काही ऐकू आलेलं नाही. मामांनी पुन्हा विचारलं, आणि मला दारातून एकच वाक्य बोलायचं होतं. "आप्पा, ते नोकरी सोडायला सांगत्यात." मोठ्यानं, तुमच्याकडं तोंड करून.

मी बोलले नाही. कारण पाच मिनिटांपूर्वी तुम्ही यंत्र काढून सगळ्यांना दाखवलं होतं. मुंगी चालली तरी ऐकतो म्हणाला होतात. मी दारातून ओरडले असते तर अकरा माणसांना कळलं असतं की बाप बहिरा तर बहिरा, वर खोटाही. तुम्ही स्टँडवर पोरांच्या हसण्याला किती भीत होतात ते मला माहीत आहे. मला वाटलं, आत्ता गप्प बसू. रात्री आई सांगेल, मग आप्पा बघतील काय करायचं ते. आप्पा आहेत ना.

आईनं तुम्हाला सांगितलं ते मी ओसरीवर बसून ऐकलं. मी वाट बघितली. सोमवारी सकाळी तुम्ही मला स्टँडवर सोडायला आलात, माझी पिशवी स्वतः उचललीत. दहिवडीची गाडी लागली, तुम्ही खिडकीतून मला जागा धरून दिलीत. मला वाटलं, गाडी सुटेपर्यंत तरी बोलाल. "नीलिमा, चूक झाली, मी बघतो," एवढंच. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा तुम्ही म्हणालात, "सांभाळून जा." मग मार्चपर्यंत वाट बघितली आणि अर्ज दिला. तुम्ही हो म्हटलंत म्हणून नाही दिला. कळल्यावरही नाही म्हणाला नाहीत, म्हणून दिला.

मी तुमची लाज राखली आप्पा. मला वाटलं होतं, तुम्ही माझी शाळा राखाल.

परत घेतात का म्हणून जुलैमध्ये साताऱ्याला जिल्हा परिषदेत विचारून आले. नाही घेत. माझ्या जागी दुसऱ्या बाई हजर झाल्या आहेत. कपिल वाईट माणूस नाही, तो मला घेऊन गेला होता, बाहेर बाकावर बसून राहिला. परत येताना म्हणाला, "मामांनी इचारलं तवा तुज्या वडलांनी न्हाई म्हणायला पायजे हुतं. मी वाट बगत हुतो." म्हणजे तोही वाट बघत होता. त्याला मी खरं कारण सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

दादाचं पत्र आलं आहे. तो तुम्हाला नवं यंत्र पाठवतो म्हणतो आणि तुम्ही नको म्हणता. घ्या. या वेळी चांगल्या कंपनीचं आहे, नीट ऐकू येईल. मला मात्र तुम्हाला सांगण्यासारखं आता काही राहिलं नाही.

नीलिमा